ना कोर्ट, ना कोच. तरी सुधारेल टेनिसचा फटका! पायमोजा, घमेलं आणि शाळेची भिंत येईल कामी

मोबाइलवर टेनिसचा एक व्हिडिओ पाहिला की पुढचे दहा आपोआप समोर येतात. एक सांगतो मनगट असं वळवा, दुसरा सांगतो कोपर तसं ठेवा, तिसरा गुडघ्यावर येतो. एवढं सगळं डोक्यात भरून पोरगं मैदानात उतरतं आणि पहिला बॉल जाळीत, दुसरा कुंपणापलीकडं. आठवडाभरात कंटाळा येतो, रॅकेट कपाटावर जाते आणि घरातले म्हणतात, 'हा खेळ शहरातल्यांचा, आपला नाही.'

यात दोष पोराचा नसतो आणि गावाचाही नसतो. शिकवण्याची पद्धत चुकलेली असते. सूचनांची लांबलचक यादी ऐकून टेनिसचा फटका सुधारत नाही. अंगाला एखादं सोपं, नेमकं काम दिलं की तो सुधारायला लागतो. म्हणूनच अनेक कोच अशा युक्त्या वापरतात, ज्या पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू येईल. पण त्यामागं कारण असतं. आणि गावाकडच्यांसाठी चांगली गोष्ट अशी, की यातल्या बहुतेक युक्त्यांना कोर्ट लागतच नाही.

आधी हे समजून घ्या

रॅकेटच्या तारांवर बॉल किती वेळ टेकलेला असतो? सुमारे 5 मिलिसेकंद. म्हणजे एका सेकंदाचे 200 भाग केले तर त्यातला एक भाग. डोळ्यानं पाहून हात हलवायला माणसाला साधारण 200 मिलिसेकंद लागतात. म्हणजे बॉल लागल्याचं आपल्याला कळेपर्यंत तो कधीच निघून गेलेला असतो. त्या क्षणी मनगट वळवून काही दुरुस्त करू म्हटलं तरी होणार नाही.

फटका कसा बसणार हे आधीच ठरतं. बॉल कधी दिसला, पाय कुठं पडले, अंग वेळेवर वळलं का आणि पकड कशी आहे, या चार गोष्टींवर सगळा खेळ. खालच्या सगळ्या युक्त्या या चारांवरच काम करतात.

दुसरी गोष्ट लक्षाची. सायकल शिकताना हँडलकडं पाहत बसलं की तोल जातो. नजर रस्त्यावर ठेवली की सायकल सरळ चालते. अमेरिकेतल्या संशोधक गॅब्रिएले वुल्फ यांनी 1990 च्या दशकापासून यावरच अभ्यास केला. स्वतःच्या हातापायांवर लक्ष ठेवण्यापेक्षा बाहेरच्या गोष्टीवर, म्हणजे बॉलवर किंवा तो जिथं पाठवायचा त्या जागेवर लक्ष ठेवलं तर हालचाल लवकर आणि चांगली जमते, असं त्यांच्या प्रयोगांत दिसून आलं.

फळीची रॅकेट आणि रिकामा जलतरण तलाव

सोयी नाहीत म्हणून खेळ येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी दोन नावं लक्षात ठेवावीत.

पहिलं नाव ऑस्ट्रेलियाच्या इव्हॉन गूलागाँगचं. बॅरेलन हे तिचं छोटं गाव, आजूबाजूला गव्हाची शेती. आदिवासी कुटुंब, वडील मेंढ्यांची लोकर कातरायचे, घरात 8 भावंडं. फळांच्या लाकडी खोक्याची फळी हीच तिची पहिली रॅकेट. त्या फळीनं भिंतीवर बॉल मारत ती शिकली. 1971 मध्ये वयाच्या 19 व्या वर्षी ती विम्बल्डन जिंकली. 1980 मध्ये, एका मुलीची आई झाल्यावर, तिनं ती स्पर्धा पुन्हा जिंकली.

दुसरं नाव सर्बियाच्या ॲना इव्हानोविचचं. बेलग्रेड शहरात हिवाळ्यात बंदिस्त कोर्ट मिळायचं नाही, म्हणून पाणी काढून टाकलेल्या जलतरण तलावात कोर्ट आखलेलं होतं. तलावाच्या भिंती इतक्या जवळ की तिरका फटका मारायला जागाच नाही. मग सरळ रेषेत मारायची सवय लागली. हीच ॲना 2008 मध्ये फ्रेंच ओपन जिंकून जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

अडचणीच्या जागेनंही फटका घडतो, तो असा. आता युक्त्या पाहू. खाली सगळीकडं उजव्या हाताचा खेळाडू धरलाय. डावखुऱ्यांनी उलट करावं.

युक्ती 1: टप्पा पडला की मोठ्यानं बोला

बॉलचा टप्पा पडला की 'टप्पा' म्हणायचं आणि रॅकेटला लागला की 'फटका'. मोठ्यानं, न लाजता. अमेरिकेचे टेनिस शिक्षक टिमोथी गॅल्वे यांनी 1974 मध्ये आलेल्या 'द इनर गेम ऑफ टेनिस' या पुस्तकात ही युक्ती सांगितली आणि ती जगभर गेली.

करायला सोपी, पण परिणाम मोठा. शब्द वेळेवर बोलायचा असेल तर बॉलकडं नीट पाहावंच लागतं. आणि तोंड कामात असलं की 'आता कोपर वर, आता मनगट खाली' हा डोक्यातला गोंधळ थांबतो. 'फटका' हा शब्द बॉल लागल्यानंतर तोंडातून येत असेल, तर समजा बॉलकडं उशिरा लक्ष जातंय.

युक्ती 2: सर्व्हिसला कुऱ्हाडीची पकड

नवशिके सर्व्हिस करताना रॅकेट तव्यासारखी धरतात, तारांचा सपाट भाग आभाळाकडं. त्या पकडीत बॉल ढकलला जातो, मारला जात नाही.

रॅकेट जमिनीवर उभ्या कडेवर धरा आणि कुऱ्हाडीचा दांडा पकडावा तसा तिचा दांडा पकडा. सर्व्हिस आणि जाळीजवळच्या फटक्यांसाठी हीच पकड लागते. सुरुवातीला बॉल भलतीकडं जाईल. आठ-दहा दिवस घाबरून पकड बदलू नका.

फोरहँडसाठी वेगळी खूण आहे. उजवा तळवा सपाट तारांवर टेकवा, तसाच सरळ खाली दांड्यापर्यंत आणा आणि मूठ मिटा. आता तळवा जिकडं, रॅकेटचं तोंड तिकडं.

कुऱ्हाडीवरून आणखी एक आठवण. भारताचा रोहन बोपण्णा कर्नाटकातल्या कोडगूचा. घरच्या कॉफीच्या मळ्यात लाकडं फोडून त्यानं खांदे बळकट केले, ही त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यानं महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेसोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. पुढं 2024 मध्ये वयाच्या 43 व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनच्या पुरुष दुहेरीचं विजेतेपदही मिळवलं. अर्थात लहान मुलांच्या हाती कुऱ्हाड द्यायची नाही. त्यांनी फक्त पकड शिकायची.

युक्ती 3: रॅकेट बाजूला ठेवा, बॉल झेला

बॉल अंगाच्या फार जवळ किंवा उशिरा लागणं ही नवशिक्यांची मोठी चूक. त्यावर उपाय रॅकेटशिवाय आहे.

जोडीदारानं खालून हळू बॉल टाकायचा. एक टप्पा पडू द्यायचा. खेळाडूनं तो फक्त उजव्या हातानं, कमरेच्या उंचीवर आणि पुढच्या पायाच्या थोडं पुढं झेलायचा. झेल पोटाजवळ आला तर तो उशिरा. मग पाय आधी हलवावे लागतात, अंग आधी वळवावं लागतं. असे 20 झेल घ्या आणि लगेच रॅकेट हातात घेऊन 20 फटके मारा. बॉल आता पुढं लागतो आहे हे मारणाऱ्याला स्वतःलाच कळतं.

युक्ती 4: पायमोज्याची गोफण

फुटबॉलचा लांब पायमोजा घ्या. त्यात दोन जुने बॉल टाका, वर गाठ मारा. मोकळं टोक मुठीत धरून फोरहँडसारखा सावकाश फिरवा. आजूबाजूला दोन-तीन मीटरपर्यंत कुणी उभं नको.

ज्यांनी ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवली आहे, त्यांना यातलं मर्म लगेच समजेल. गोफणीचा दगड दंडाच्या जोरावर जात नाही. आधी अंग वळतं, मग खांदा, मग हात, आणि शेवटी दगड सुटतो. पायमोज्याचंही तसंच. हातानं हिसका दिला की तो मध्येच दुमडतो. कंबर आणि खांदे आधी वळले तर तो ताठ राहून गोल फिरतो. तो ताठ राहतोय असं जाणवलं की तीच लय रॅकेटला द्या. दंडात ताकद कमी असलेल्या मुला-मुलींचा बॉलसुद्धा मग जोरात जातो.

युक्ती 5: फटका मारा आणि 'स्टॅच्यू' व्हा

लहान मुलं खेळतात तो 'स्टॅच्यू'चा खेळ इथं कामाला येतो. फटका मारून झाला की रॅकेट डाव्या खांद्याजवळ डाव्या हातात झेलायची आणि दोन आकडे मोजेपर्यंत पुतळ्यासारखं उभं राहायचं. मान वळवायची नाही. बॉल जिथं लागला त्या जागेवरच नजर.

तोल गेला, एक पाय उचलला गेला किंवा रॅकेट पोटाजवळच थांबली, तर फटका अर्धवट झालाय. स्वित्झर्लंडच्या रॉजर फेडररचे फोटो पाहा. बॉल निघून गेला तरी त्याची नजर बॉल लागलेल्या जागेवरच असते. बॉल कुठं गेला ते पाहण्याची घाई झाली की डोकं हलतं, डोक्याबरोबर खांदा हलतो आणि बॉल रॅकेटच्या मधोमध लागत नाही.

युक्ती 6: चिंचा पाडायचा हात, घमेल्यातला बॉल

सर्व्हिस हा टेनिसमधला सर्वात अवघड फटका मानला जातो. पण झाडावरच्या चिंचा दगडानं पाडलेल्या पोराला त्याची निम्मी हालचाल आधीच येत असते. वरून फेकणं आणि सर्व्हिस मारणं यात अंगाचा क्रम एकच आहे.

म्हणून आधी रॅकेट न घेता रेघेवर आडवं उभं राहा आणि बॉल उंच, लांब फेका. 15-20 वेळा फेकून झालं की त्याच हालचालीत रॅकेट धरा.

आता बॉल वर टाकण्याचं काम. त्यासाठी घमेलं. डाव्या पायाच्या साधारण एक फूट पुढं आणि किंचित उजवीकडं घमेलं ठेवा. डावा हात सरळ ठेवून, बोटांच्या टोकांवर धरलेला बॉल वर सोडा. उंची एवढी, की हात आणि रॅकेट पूर्ण वर केल्यावर टोकाच्या थोडी वर जाईल. मारू नका, पडू द्या. तो घमेल्यात पडला पाहिजे. दहातले सात घमेल्यात पडायला लागले की मगच मारायला घ्या. बॉल रोज वेगळ्या जागी उडत असेल तर चांगल्यातला चांगला हातही सर्व्हिस बसवू शकत नाही.

युक्ती 7: भिंतीवर खडूची रेघ

शाळेची किंवा समाजमंदिराची कोरी भिंत मिळाली तर परवानगी घेऊन वापरा. खिडक्या नसलेली बाजू निवडा. टेनिसची जाळी मधोमध 3 फूट आणि खांबांजवळ साडेतीन फूट उंच असते. भिंतीवर 3 फुटांवर खडूनं आडवी रेघ मारा. त्यावर 4 ते 6 फुटांच्या मध्ये एक मोठा गोल काढा. बॉल त्या गोलात मारायचा.

गोल रेघेपासून एवढा वर का? नवशिक्यांचे बरेच बॉल जाळीतच अडकतात. जाळी नुसती ओलांडायची नाही, भरपूर वरून न्यायची, ही सवय भिंतीवरच लागते.

भिंतीपासून 15-20 फूट उभं राहा आणि हळू मारा. जोरात माराल तर बॉल तेवढ्याच घाईनं परत येईल आणि पुढचा फटका बिघडेल. परत येताना दोन टप्पे पडले तरी चालेल. सलग 10 जमले की 20 चं लक्ष्य ठेवा.

क्रिकेटप्रेमींना एक गोष्ट माहीत असेल. ऑस्ट्रेलियातल्या बाउरल गावात लहानगा डॉन ब्रॅडमन स्टंपनं गोल्फचा बॉल पाण्याच्या टाकीखालच्या भिंतीवर मारत बसायचा. खेळ वेगळा, पण शिकवण्याची पद्धत तीच.

युक्ती 8: नवा बॉल नको, जुना द्या

ऐकायला उलटं वाटेल, पण शिकणाऱ्याला जुना, मऊ पडलेला बॉल जास्त उपयोगी. तो कमी उसळतो, हळू येतो आणि मुलाच्या कमरेच्या उंचीवर राहतो.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानंही हेच तत्त्व मान्य केलंय. मुलांसाठी लाल, नारिंगी आणि हिरव्या खुणेचे बॉल असतात. नेहमीच्या बॉलपेक्षा लाल साधारण 75 टक्के, नारिंगी 50 टक्के आणि हिरवा 25 टक्के हळू. 2012 पासून 10 वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धा अशाच बॉलवर घेण्याचा नियम आहे.

बॉल जुना झालाय हे ओळखायचं कसं? सिमेंटच्या जमिनीवर खांद्याच्या उंचीवरून सोडा. नवा बॉल निम्म्याहून थोडा जास्त वर येतो. निम्म्यापर्यंतही आला नाही तर तो शिकणाऱ्यांच्या पिशवीत टाका.

युक्ती 9: समोरचा मारतोय तेव्हा छोटी उडी

दोरीवरच्या उड्या रोज 3-4 मिनिटं मारा. टेनिसमध्ये समोरचा खेळाडू बॉल मारतो त्याच क्षणी चांगले खेळाडू जागेवर एक छोटी उडी घेतात. पाय खांद्याएवढे फाकून, चवड्यांवर उतरतात. त्यामुळं डावीकडं जायचं असो की उजवीकडं, पाय तयार असतात. दोरीवर हीच सवय लागते. जोडीदारानं बॉल टाकताना हात उंचावला की उडी, असा खेळही करता येतो.

मोबाइल रीलसाठी नाही, स्लो मोशनसाठी

आता बऱ्याच फोनमध्ये स्लो मोशन असतं. फोन बाजूनं, कमरेच्या उंचीवर ठेवून 5-6 फटक्यांचा व्हिडिओ काढा. पाहताना फक्त दोन प्रश्न विचारा. बॉल पुढच्या पायाच्या पुढं लागला का? फटक्यानंतर तोल राहिला का? आठवड्यातून एकदा पुरे. दर दोन मिनिटांनी व्हिडिओ पाहत बसलं की पुन्हा तोच गोंधळ डोक्यात शिरतो.

या युक्त्या मात्र टाळा

व्हायरल झालेली प्रत्येक युक्ती चांगली नसते. काही हात बिघडवतात.

- क्रिकेटचा जड टेनिस बॉल रॅकेटनं मारू नका. टेनिसच्या बॉलचं वजन 56 ते 59.4 ग्रॅम असतं. त्याहून जड बॉलचा हादरा थेट कोपराला बसतो. पावसात भिजलेला बॉलही जड होतो.
- रॅकेटला पाण्याची बाटली किंवा वजन बांधून जोरात फिरवू नका. वाढत्या वयात खांदा आणि मनगट दोन्ही दुखावतात.
- लहान मुलाला मोठी रॅकेट देऊ नका. मोठ्यांची रॅकेट 27 इंचांची असते. मुलांसाठी 19 ते 26 इंचांच्या मिळतात.
- एकाच दिवशी शेकडो सर्व्हिस मारू नका. कोपराच्या बाहेरच्या बाजूला किंवा खांद्यात दुखायला लागलं तर थांबा. काही दिवसांच्या विश्रांतीनं कमी झालं नाही तर मालिशवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा.

रोजचा अर्धा तास कसा वापरायचा

3 मिनिटं दोरी, 5 मिनिटं झेल, 5 मिनिटं पायमोजा किंवा बॉल फेकणं, 12 मिनिटं भिंत आणि शेवटची 5 मिनिटं घमेल्यातला टॉस. एका दिवशी एकच युक्ती मनात ठेवायची. आठवड्यातला एक दिवस सुट्टी. कोर्टवर जायची संधी मिळाली की त्या दिवशी युक्त्या विसरून नुसतं खेळायचं.

एक गोष्ट पालकांनीही लक्षात ठेवावी. भिंत फटका घडवते, पण सामना खेळायला शिकवत नाही. समोरचा माणूस वेगवेगळे बॉल मारतो, वारा असतो, गुणांचं दडपण असतं. म्हणून दोन-तीन महिने असा सराव झाला की मुलाला खऱ्या कोर्टवर न्या आणि जाणत्या कोचला एकदा पकड आणि सर्व्हिस दाखवून घ्या. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये लॉन टेनिसही असतं. प्रवेश आणि तारखांसाठी शाळेचे क्रीडाशिक्षक किंवा तालुका क्रीडा अधिकारी यांना विचारा.

कोर्ट होईल तेव्हा होईल. तोवर शाळा सुटल्यावर मोकळी राहणारी भिंत प्रत्येक गावात आहे. खडूची एक रेघ मारायला कुणाच्या मंजुरीची फाइल लागत नाही, मुख्याध्यापकांची परवानगी पुरते.